सतार-तबल्याविना

१९६९ साली लंडनमध्ये 'इंटिग्रेशन' नावाची एक एलपी निघाली. वाजवणारे पाच जण. टेनर आणि सोप्रानो सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, ट्रम्पेट आणि फ्लूगलहॉर्नवर इयन कार, डबल बासवर डेव्ह ग्रीन, ड्रम्सवर ट्रेव्हर टॉमकिन्स. हे चौघे ब्रिटिश. पाचवा गिटारवाला मुंबईचा, गोवेकर आईबापांचा मुलगा, नुकतीच तिशी ओलांडलेला. त्याचं नाव अमान्सियो डिसिल्वा, आणि त्याच्या नावावरची ही पहिलीच तबकडी. आतल्या रचनांची नावं वाचली तर 'गँजीस', 'जयपूर', 'महाराणी'. गंगा आहे, राजस्थान आहे, राजवाडाही आहे. सतार मात्र कुठेच ऐकू येत नाही. तबला नाही, तंबोराही नाही.

तो काळ डोळ्यांसमोर आणला म्हणजे यातलं नवल कळतं. १९६५ साली जॉर्ज हॅरिसननं बीटल्सच्या एका गाण्यात सतार वाजवली. १९६७ साली कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या महोत्सवात पंडित रविशंकरांना ऐकायला तरुणांची झुंबड उडाली. त्यानंतर लंडनमध्ये जिथे तिथे सतार. पॉप गाण्यात सतार, सिनेमाच्या पार्श्वसंगीतात सतार. भारत म्हटला की तारांचा झणकार आणि उदबत्तीचा धूर, असं समीकरणच होऊन बसलं होतं. अशा दिवसांत एका भारतीयाचा जाझचा पहिला अल्बम निघतो आणि त्यात एकही भारतीय वाद्य नसतं. विकण्याच्या दृष्टीनं हा वेडेपणाच. माझ्या मते या अल्बमचं मोल इथेच आहे. इथे दोन संगीतांना समोरासमोर बसवून त्यांची ओळख करून दिलेली नाही, कारण गिटारवाल्याच्या बोटांत ती कधीचीच एकत्र मुरलेली होती.

ती मुरली कशी, ते समजण्यासाठी आधी गोव्यात जायला हवं. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरओळखही करून देत. स्वरलिपी वाचायची, व्हायोलिन धरायचं, प्रार्थनेच्या वेळी समूहात आपापला सूर सांभाळून गायचं. गावात पोट भरण्याची सोय थोडी, म्हणून या शाळांतून निघालेली पोरं मुंबई, कलकत्ता, कराचीची वाट धरत. कागदावरचं संगीत पाहताक्षणी वाजवता येणं ही त्यांची मिळकत होती. लष्करी बँड, मूकपटाची थिएटरं, बड्या हॉटेलांतले नाचाचे दिवाणखाने, सगळीकडे त्यांना मागणी होती.

१९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि खरा जाझ मुंबईकरांच्या कानावर पडला. त्याच्या मागोमाग आणखी अमेरिकन आले. गोवेकर वादकांनी त्यांच्या शेजारी उभं राहून ती विद्या उचलली. अँटोनियो झेवियर वाझ हे ट्रम्पेटवादक तर 'चिक चॉकलेट' या नावानं गाजले. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुढे ते सी. रामचंद्रांबरोबर काम करू लागले. सी. रामचंद्र म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. 'अलबेला' हा १९५१ सालचा चित्रपट ज्यांनी पाहिला, त्यांनी गोव्याच्या वादकांचा जाझ ऐकलेला आहे. फक्त तो जाझ होता हे त्यांना कुणी सांगितलं नाही. 

उलट दिशेचा प्रवासही चालू होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे चित्रपटसृष्टीतले व्हायोलिनवादक आणि संगीतसंयोजक. रागसंगीत पाश्चात्य वाद्यवृंदासाठी लिहून काढायचं वेड त्यांनी घेतलं आणि १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यवृंद उभा करून ते वाजवून दाखवलं. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. गोन्साल्विसांचे शिष्य म्हणजे संगीतकार प्यारेलाल. 'अमर अकबर अँथनी'तल्या त्या प्रसिद्ध गाण्यातलं नाव याच गुरूचं आहे. हे सांगितल्यावर अजूनही पुष्कळांना धक्का बसतो.

डिसिल्वा १९३६ सालचे. म्हणजे हे सगळं त्यांच्या वाढत्या वयात आजूबाजूला घडत होतं. जाझ वाजवणाऱ्या तरुण भारतीयाला आश्रय कोण देणार? जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी तो दिला. 'जयपूर' आणि 'महाराणी' ही नावं कुठून आली, ते यावरून उमगतं. इंग्रज गिऱ्हाइकाला भुलवायला लावलेल्या त्या पाट्या नव्हत्या. वादकाच्या स्वतःच्या आयुष्यातली ती ठिकाणं आणि माणसं होती. १९६७ साली डिसिल्वा लंडनला गेले.

लंडनमध्ये त्या वेळी डेनिस प्रेस्टन नावाचा एक हुन्नरी निर्माता होता. हॉलंड पार्क भागात त्याचा लॅन्सडाउन नावाचा स्टुडिओ. तो स्वतःच्या जिवावर ध्वनिमुद्रण करी आणि मग मोठ्या कंपनीमार्फत ते बाजारात आणी. 'इंटिग्रेशन' अशाच रीतीनं ईएमआयच्या कोलंबिया छापावर आली. प्रेस्टनला अशा मिश्रणांची आवड आधीपासून होती. जमेकाचा आल्टो सॅक्सोफोनवादक जो हॅरिअट आणि कलकत्त्यात जन्मलेला व्हायोलिनवादक-रचनाकार जॉन मेयर या दोघांचं 'इंडो-जाझ स्वीट' त्यानंच केलं. ते १९६६ साली बाहेर पडलं. त्यात दोन पंचकं होती. एक जाझचं, आणि दुसऱ्यात मेयरबरोबर सतार, तबला, तंबोरा, बासरी. सतारीवर दिवाण मोतीहार, तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर आणि तबल्यावर मुंबईचे केशव साठे. लंडनच्या जाझच्या इतिहासात हे अस्सल मराठी नाव सापडतं तेव्हा बरं वाटतं. साठ्यांचा तबला पुढे युरोपभरच्या जाझवाल्यांनी ऐकला.

मेयर कलकत्त्याचा, साठे आणि डिसिल्वा मुंबईचे. या दोन शहरांना जोडणारा महामार्ग आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडवरून जातो, त्यामुळे या मंडळींशी नातं जोडायला मला तेवढं निमित्त पुरतं.

'इंडो-जाझ स्वीट' महत्त्वाचं खरंच. पण आज ऐकताना त्याच्यातली शिवण दिसते. आधी भारतीय पंचक आपला डाव मांडतं, मग जाझचं पंचक येतं. कधी दोन्ही एकत्र वाजतात, पण एकमेकांना जागा देत, पाहुण्यासारखे. मेयरनं राग अभ्यासून कागदावर उतरवले होते आणि भारतीय बाजूला बरंचसं लिहिल्याबरहुकूम वाजवायचं होतं. उत्स्फूर्तपणा बहुतेक जाझवाल्यांच्या वाट्याला आला. म्हणजे ज्या संगीताचा प्राणच उपज, त्याच्या हाती कागद! डिसिल्वांनी तीन वर्षांनी जे केलं ते याच्या अगदी वेगळ्या वाटेनं, आणि त्यात अडचणही मोठी होती.

अडचण अशी. जाझमध्ये आधी एक धून वाजते. तिच्याखाली कॉर्डांची एक साखळी असते, बहुधा बारा किंवा बत्तीस मापांची. धून संपली की प्रत्येक वादक त्याच साखळीवर स्वतःची नवी धून रचत जातो. साखळी फिरत राहते आणि प्रत्येक कॉर्डबरोबर आधाराचा स्वरही सरकतो. आत्ता बरोबर वाटलेला गंधार पुढच्या मापात खटकतो. रागसंगीतात नेमकं उलट. षड्ज हलत नाही. तंबोरा अखंड तेच सांगत राहतो आणि त्या न हलणाऱ्या स्वराच्या मापानंच ऋषभाची व्याकुळता किंवा निषादाची ओढ जाणवते. षड्जच दर मापाला जागा बदलू लागला तर राग उभा राहायचा कुठे?

यावरचा तोडगा भारतात निघाला नाही, न्यूयॉर्कमध्ये निघाला. १९५९ साली माइल्स डेव्हिसनं 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम केला. त्यातल्या 'सो व्हॉट' या पहिल्याच रचनेत बत्तीस मापांसाठी फक्त दोन स्वरसप्तकं आहेत. सोळा मापं एका ठिकाणी, आठ मापं अर्ध्या स्वरानं वर, पुन्हा आठ मापं मूळ जागी. वादकाला एकाच स्वरसमूहात रेंगाळायला एवढी ऐसपैस जागा जाझनं क्वचितच दिली होती. या पद्धतीला मोडल जाझ म्हणतात. आणि 'सो व्हॉट'चं ते स्वरसप्तक, ज्याला तिकडे डोरियन म्हणतात, ते पेटीवर वाजवून पाहा. कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी सगळे शुद्ध. हा काफी थाट झाला.

हा एकच योगायोग नव्हे. युरोपच्या चर्चमध्ये मध्ययुगापासून जे 'मोड' गायले गेले आणि त्यांतून पुढे जी मांडणी झाली, तिच्यातले सहा मोड आपल्या भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहांशी जुळतात: बिलावल, कल्याण, खमाज, काफी, आसावरी, भैरवी. उरलेले चार, भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, यांना तिकडे जोडीदार नाही. अर्थात थाट म्हणजे राग नव्हे. रागाला चलन असतं, वादी-संवादी असतो, अमुक स्वरावर थांबायचं आणि तमुक स्वर निसटता लावायचा असा शिष्टाचार असतो. मोड हा नुसता स्वरांचा संच. तरीही दार उघडायला एवढं पुरेसं होतं. चर्चच्या संगीताची घरातच परंपरा असलेला गोवेकर, कानात जाझ भिनलेला, आणि आजूबाजूला मुंबईचं रागसंगीत. मोडल जाझ हातात आल्यावर या तिघांना एकाच स्वरसप्तकात उभं राहता आलं. जॉन कोल्ट्रेनसारखा महान सॅक्सोफोनवादक याच दारातून बाहेरून आत डोकावत होता. डिसिल्वा आतून बाहेर आले.

आता गिटारीकडे. सतारीचे पडदे धातूचे, कमानदार आणि उंच. तार पडद्यावर आडवी ओढली की एका पडद्यावरून चार-पाच स्वरांची मींड निघते. गिटारीचे पडदे बुटके आणि पट्टीत रोवलेले. त्या काळचे जाझ गिटारवाले जाड तारा लावत. ती तार ओढून ओढून एखाद-दीड स्वर चढणार, तोही बोटं दुखवून. म्हणून गिटारीवर राग वाजवण्याचे प्रयोग बहुधा पडद्यांना बगल देऊन झाले. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारेवर धातूची कांडी सरकवली. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांच्या संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबर ऐकू येते ती हीच गिटार. विश्वमोहन भट्टांनी त्याच वाटेवर पुढे जाऊन तरफांच्या तारा बसवलेलं स्वतःचं वाद्य घडवलं.

डिसिल्वांनी यातलं काही केलं नाही. त्यांच्या हातात साधी जाझची विजेवरची गिटार होती. मींड हवी तेवढी लांबवता येत नसेल तर भारतीयपणा आणायचा कशातून? उत्तर म्हणजे लहान लहान गोष्टी. मुख्य स्वराला वरच्या स्वराचा हलका कण. बोट घसरवत घेतलेली छोटी घसीट. एका स्वरावर परत परत येऊन ठिय्या मांडणं, म्हणजे कॉर्डची साखळी फिरत असली तरी ऐकणाऱ्याच्या कानात एक षड्ज पक्का होतो. वेस माँटगोमेरीच्या पिढीचे अमेरिकन गिटारवादक जसे वाक्य पूर्ण करून श्वास घेतात, तसं इथे नेहमी होत नाही. वाक्य अर्धवट सोडून तेच पुन्हा सुरू करण्याची, दर वेळी एक स्वर जास्त घेऊन पुढे सरकण्याची जी चाल आहे, ती आपल्या कानाला लगेच ओळखीची वाटते. बढत म्हणतो ती हीच.

आणखी एक गोष्ट सहज सुटून जाते. रेंडेल आणि कार यांचं स्वतःचं नावाजलेलं पंचक होतं. १९६५चं 'शेड्स ऑफ ब्लू', १९६६चं 'डस्क फायर' हे त्यांचे अल्बम ब्रिटिश जाझमधले मानाचे. ग्रीन आणि टॉमकिन्स त्याच पंचकातले. म्हणजे 'इंटिग्रेशन'मध्ये डिसिल्वांच्या मागे उभं राहिलेलं ते जवळजवळ तयार कुटुंबच. त्या पंचकातला मायकेल गॅरिकचा पियानो तेवढा इथे नाही. त्याच्या जागी गिटार आली आणि सगळा नूर पालटला. पियानो दहा बोटांनी कॉर्ड भरून टाकतो आणि एकल वाजवणाऱ्याला त्या चौकटीत राहावं लागतं. गिटार दोन-तीन स्वर टाकून गप्प बसू शकते. मग खाली उरतो फक्त ग्रीनचा बास, आणि तो एका स्वरावर रेंगाळला की तंबोऱ्याची उणीव भासत नाही.

नावाबद्दल थोडं. 'इंटिग्रेशन' म्हणजे मिसळून एक होणं. १९६८च्या एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल या खासदारानं बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं होतं. परक्यांनी इथल्या समाजात कसं मिसळावं, मिसळावं की नाही, यावर सगळीकडे हमरीतुमरी चालली होती. दोनच वर्षांपूर्वी आलेल्या भारतीयानं चार गोऱ्या वादकांबरोबरच्या अल्बमला हे नाव देणं अगदीच निरागस नसावं. पण अल्बममध्ये घोषणा कुठेच नाही. 'क्राय फ्री', 'वी टेल यू धिस' अशी नावं आहेत आणि 'जॉइस कंट्री'ही आहे, जो आयर्लंडच्या पश्चिमेकडचा एक प्रदेश. भारत, जाझ आणि आयर्लंड एकाच तबकडीवर, आणि कुणी कुणाचं दुभाषेपण करत नाही.

याच लंडनमध्ये, याच १९६९ साली, आणखी एका गिटारवाल्याचा पहिला अल्बम निघाला. जॉन मॅकलॉक्लिनचं 'एक्स्ट्रापोलेशन'. ते जानेवारीत ध्वनिमुद्रित झालं आणि लगेच मॅकलॉक्लिन अमेरिकेला गेला, माइल्स डेव्हिसबरोबर वाजवू लागला आणि जगप्रसिद्ध झाला. पुढे त्यानं झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांना घेऊन 'शक्ती' उभी केली. १९७६ साली त्यांचा पहिला अल्बम आला. त्यासाठी मॅकलॉक्लिननं गिटारच बदलून घेतली. दोन पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलं, म्हणजे तार खाली दाबून मींड काढता यावी, आणि सात तरफांच्या तारा तिरप्या बसवल्या. त्या 'शक्ती'च्या नव्या संचात आपले शंकर महादेवन गायले आणि २०२४ साली त्यांना ग्रॅमीही मिळालं. मॅकलॉक्लिनला रागापर्यंत पोचायला वाद्य बदलावं लागलं, कारण तो लांबून येत होता. त्यात कमीपणा काही नाही. 'शक्ती' हे विसाव्या शतकातलं एक आश्चर्यच आहे. पण इंडो-जाझचा इतिहास सांगताना तिथूनच सुरुवात करतात, तेव्हा डिसिल्वांवर अन्याय होतो.

अन्याय बाजारानंही केलाच. १९६९च्या लंडनमध्ये तरुणांचा पैसा रॉककडे वळला होता. खुद्द इयन कारनंही वाऱ्याची दिशा ओळखून 'न्यूक्लियस' हा जाझ-रॉकचा संच काढला आणि १९७० साली त्याचं 'इलॅस्टिक रॉक' गाजलं. डिसिल्वांनी त्याच १९६९ साली जो हॅरिअटबरोबर 'हम दोनो' केला. त्यात कार होताच, शिवाय नॉर्मा विन्स्टनचा आवाजही होता. जमेकाचा एक, मुंबईचा एक, आणि अल्बमचं नाव चक्क हिंदीत! हॅरिअट १९७३ साली गेला, जेमतेम चव्वेचाळिसाव्या वर्षी. डिसिल्वांचे 'रिफ्लेक्शन्स' आणि 'ड्रीम सीक्वेन्स' हे अल्बम १९७१-७२मध्ये आले. 'कोकण डान्स' नावाचा अल्बम त्याच सुमारास मुद्रित होऊनही कपाटात पडून राहिला. तो निघाला २००६ साली, आणि डिसिल्वा तर १९९६मध्येच वारले होते. दरम्यान जुन्या एलपी गोळा करणाऱ्यांनी आणि जाइल्स पीटरसनसारख्या डीजेंनी साठच्या दशकातला ब्रिटिश जाझ पुन्हा उजेडात आणला होता. रद्दीत गेलेल्या तबकड्यांना सोन्याचा भाव आला. वादकाच्या हयातीत त्यातली दमडी पोचली नाही.

गोंदिया जिल्ह्यातल्या वाचकाला हे सगळं फार दूरचं वाटेल. मला तसं वाटत नाही. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की सडक अर्जुनीपासून वडसा-गडचिरोलीपर्यंत रात्रभर झाडीपट्टीची नाटकं चालतात. रंगमंचापुढे वादक बसलेले असतात. ऑर्गन, तबला, अलीकडे ऑक्टोपॅड. एकाच रात्रीत तिथे नाट्यपद होतं, लावणी होते, चित्रपटातली चाल येते आणि मध्येच दंडारीचा ठेका डोकावतो. ऑर्गन साहेबाचा आहे की आपला, हा प्रश्न बालगंधर्वांच्या काळीच मिटला. या वादकांना फ्यूजन हा शब्द सांगितला तर ते हसतील. पण पाच जणांच्या 'इंटिग्रेशन'मध्ये नेमकं काय चाललं आहे, ते त्यांना विद्यापीठातल्या संगीतसमीक्षकापेक्षा लवकर समजेल, याची मला खात्री आहे.

ऐकायचं असेल तर 'जयपूर'पासून सुरुवात करावी. ही रचना 'इंटिग्रेशन'मध्येही आहे आणि 'हम दोनो'मध्येही. दोन्ही लागोपाठ ऐकाव्यात. पहिलीत रेंडेल आहे, दुसरीत हॅरिअट. बासवर दोन्हीकडे ग्रीन, ड्रम्सवर आधी टॉमकिन्स आणि मग ब्रायन स्प्रिंग. धून तीच, गिटार तीच, आणि सॅक्सोफोन बदलल्याबरोबर गिटारीचं बोलणं कसं बदलतं, ते कळायला जाझचं शिक्षण लागत नाही. मग 'गँजीस' लावावं, जमल्यास पेटीवर त्याचा षड्ज शोधून हलका धरून ठेवावा.